गुंगी शब्दाचं उदाहरण

‘नालस्ती’ या शब्दाचं कार्ड महिनाभर माझ्या टेबलावर अर्धं कोरं पडून होतं. वर शब्द, त्याखाली अर्थ: ‘एखाद्याबद्दल वाईट बोलून त्याचं नाव खराब करणं.’ अर्थ लिहायला पाच मिनिटं लागली होती. घोडं अडलं होतं ते उदाहरणापाशी.

मी शाळकरी मुलांसाठीच्या एका शब्दकोशाचं काम घरून करते. शब्द, अर्थ आणि त्याचा वापर दाखवणारं एक वाक्य, एवढंच काम. पण आमच्या संपादक, ज्यांना सगळं ऑफिस आक्का म्हणतं, त्यांचा एक नियम आहे. वाक्य ऐकलेलं हवं. कार्डाच्या तळाशी दोन रकाने असतात, ‘कोण म्हणालं’ आणि ‘कुठे ऐकलं’. ते रिकामे असले की कार्ड परत येतं. “मनातून काढलेलं वाक्य म्हणजे मेणाचं फळ,” आक्का म्हणतात. “दिसतं छान. दात लावून बघ.”

त्यामुळे मी जाईन तिथे कान टवकारून असते. दवाखान्याच्या बाकावर, जिन्यात, भाजीच्या रांगेत. नवरा म्हणतो, “तुझ्यासमोर शिंकायचीही चोरी. उद्या ‘शिंक’खाली मी छापून येईन.” खरं सांगायचं तर कोशाचं काम मिळण्याआधीपासूनच मी अशी आहे. मुलगी झाल्यापासून तर जास्तच. रात्रीतून तिचा श्वास चालू आहे ना बघते, गॅस बंद केलाय ना हे दोनदा बघते, आणि बघून आले ना हे आठवून तिसऱ्यांदा बघते.

तर नालस्ती. हा शब्द कुणी बोलतच नव्हतं. ‘बदनामी’ दिवसातून दहा वेळा कानावर पडते, थट्टेतसुद्धा. ‘माझ्या स्वयंपाकाची बदनामी करू नकोस’ वगैरे. पण मला वाटायचं की दोन्हींत फरक आहे. बदनामी म्हटलं की ती झाली, पसरली, असं काहीतरी वाऱ्याने आल्यासारखं वाटतं. नालस्ती म्हटलं की ती करणारं माणूस दिसायला लागतं. हे मी आक्कांना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, “छान. आता ते माणूस शोध, आणि बोलताना पकड.”

माझी मुलगी तीन वर्षांची आहे. जागेवर गोल गोल फिरत राहते म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणतात. सकाळी नऊला मी तिला मावशींच्या पाळणाघरात सोडते आणि चारला आणते. मावशी म्हणजे कुणाच्याच मावशी नाहीत. पन्नाशीच्या, रुंद हाडाच्या, बोलायला कमी. तळमजल्यावर दोन खोल्या, अकरा मुलं. पुढच्या खोलीत खेळायचं, मागच्या खोलीत दुपारी एक ते तीन झोपायचं. मागच्या खोलीत निळे पडदे आहेत आणि भिंतीला ओळीने अकरा गाद्या.

पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्याकडे एक विचित्र गोष्ट मागितली होती. “तुमची एखादी जुनी ओढणी द्या. अंगावर वापरलेली. न धुतलेली.” मला लाज वाटली. मी ओढणी चांगली धुऊन, इस्त्री करून दिली. दुसऱ्या दिवशी त्यांनी ती तशीच परत केली. “साबणाचा वास घेऊन कोण झोपणार? दोन दिवस वापरा आणि द्या.” प्रत्येक मुलाच्या उशाला त्याच्या आईचं असं एक कापड असतं. कुणाचा गाऊन, कुणाचा सदरा. एका मुलाला आई नाही, त्याच्या उशाला बापाचा बनियन.

हे सगळं मला माहीत होतं. तरीही जे झालं ते झालं.

एका मंगळवारी चारला मी भिंगरीला आणायला गेले, तर दारात काहीतरी वेगळं चाललं होतं. एकेक आई मूल उचलत होती आणि उचलल्या उचलल्या नाक त्याच्या तोंडाजवळ नेत होती. पापा घेतल्यासारखं. पण तो पापा नव्हता. मी पाहतच राहिले. मावशी दाराला टेकून उभ्या होत्या, रोजच्यासारखं ‘आज जेवला बरं का नीट’ वगैरे न बोलता.

जुळ्यांच्या आईने मला कोपराला धरून चपलांच्या फळीपाशी ओढलं. ही बाई आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहते. मनाने चांगली. पण पोटात काही राहत नाही.

“तू अजून आणतेस हिला इथे?”

“का? काय झालं?”

“अगं, तुला कुणी सांगितलंच नाही? छापून आलंय.”

“काय छापून आलंय?”

तिने आवाज खाली आणला. “मुलांना गुंगीचं औषध देतात ह्या. म्हणून तर अकराच्या अकरा एका वेळी झोपतात. माझी दोन एका वेळी झोपावीत म्हणून मी तीन वर्षं नवस बोलायचे तेवढे बाकी ठेवलेत, आणि ह्यांच्याकडे अकरा? मलाच कसं सुचलं नाही!”

“कुठे छापून आलंय पण?”

“ते नाही माहीत. पण छापलेलं आहे. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. चार मुलं कालपासून बंद झाली. मी आजचा दिवस पाठवलं, उद्यापासून सासूबाई येतायत.”

माझी पाचावर धारण बसली. त्या दारातून घरापर्यंत चालत सात मिनिटं लागतात. तेवढ्यात मी भिंगरीच्या तोंडाचा वास पाच वेळा घेतला. केळ्याचा येत होता. घरी येऊन तिचे डोळे दिव्यासमोर धरून पाहिले. मागच्या सहा महिन्यांत ती कुठल्या कुठल्या संध्याकाळी पेंगत होती ते आठवायला लागले, आणि आठवायला लागलं की काय, सगळं आठवतं. त्या दिवशी जेवताना डोळे मिटत होते. त्या दिवशी रिक्षात खांद्यावरच झोपली.

“भिंगरी, मावशी झोपताना काय देतात गं तुला?”

“तुझा वास.”

“नीट सांग. चमच्याने काही देतात का? गोड?”

“तुझा वास देतात,” ती म्हणाली आणि फिरायला लागली.

तीन वर्षांच्या मुलीने सरळ उत्तर दिलं होतं. मीच ऐकलं नाही. ऐकायचं काम करणारी बाई मी.

सहाच्या सुमारास जुळ्यांच्या आईने फोटो पाठवला. एका कागदाचा तुकडा. त्यावर खरंच छापलेली ओळ होती, तिरप्या सुबक टाईपात: ‘पाळणाघरातल्या बाई मुलांना गुंगीचं औषध देऊन झोपवतात.’ मी ती चार वेळा वाचली. आणि चारही वेळा मला ती खरी वाटली. इतकी नेमकी, इतकी ठाम ओळ. कुणीतरी तपास केल्याशिवाय असं लिहील का?

पाचव्या वेळी माझं लक्ष फोटोच्या खालच्या कडेकडे गेलं. तिथे पुढची ओळ निम्मी कापली गेली होती, पण वाचता येत होती: ‘गुंज: लाल रंगाचं, काळ्या ठिपक्याचं लहान बी.’

गुंगी. त्याच्यानंतर गुंज.

मी फोन पालथा ठेवला. मग उठून कपाटातला खालचा कप्पा उघडला.

आमच्या कामात प्रूफाच्या, म्हणजे छपाईआधी तपासायच्या पानांच्या, दोन प्रती येतात. एकीवर दुरुस्त्या करून ती परत पाठवायची, दुसरी आपल्याकडे राहते. ‘ग’ची प्रत येऊन बरेच महिने झाले होते. एका बाजूला छापलेले, एका बाजूला कोरे, असे जाड कागदांचे गठ्ठे कपाटात साठले होते. टाकवत नव्हते. आणि गेल्या महिन्यात मावशी म्हणाल्या होत्या, “मुलांना चित्रं काढायला पाठकोरे कागद असतील तर बघा ना घरी.” मी एवढी खूश झाले. त्यांच्या काही उपयोगी पडले म्हणून. दोन पिशव्या भरून ‘क’, ‘ख’, ‘ग’ नेऊन दिले.

मुलांनी कोऱ्या बाजूला बसगाड्या आणि मांजरं काढली. मावशींनी चित्राची बाजू वर ठेवून सगळ्यांची चित्रं घरी पाठवली. आणि कुणीतरी ती फ्रिजवर लावताना पाठ पाहिली.

ते वाक्य माझं होतं. भिंगरी पाळणाघरात जायला लागली त्याच आठवड्यात माझ्या टेबलावर ‘गुंगी’चं कार्ड आलं होतं. एके दिवशी तिला लवकर आणायला गेले तर ती गाढ झोपलेली. घरी कधी इतकी झोपत नसे. मी ते वाक्य लिहून टाकलं, आणि खालच्या रकान्यांत बिनदिक्कत भरलं: ‘कोण म्हणालं: एक आई. कुठे ऐकलं: जिन्यात.’ अगदीच खोटं नव्हतं. जिना चढताना मीच ते स्वतःशी पुटपुटले होते.

नवरा घरी आल्यावर मी त्याला सगळं सांगितलं. तो आधी हसला. “एवढं वाचलं गेलेलं तुझं पहिलं वाक्य. आक्कांना कळव, खप वाढेल.” मग माझं तोंड पाहून खुर्ची ओढून बसला.

“हे बघ, तेरड्याचा रंग तीन दिवस. चार दिवसांत लोक विसरतील. तू कशाला मध्ये पडतेस?”

“मध्ये? मी मध्ये नाहीये रे. मी सुरुवातीला आहे.”

“बरं, सांगितलंस. मग? मावशी भिंगरीला ठेवतील? या सगळ्या आया तुझ्याशी बोलतील? आक्कांना कळलं तर काम राहील?”

प्रत्येक प्रश्न बरोबर होता. त्या रात्री मी गप्प बसायचं ठरवून झोपले.

सकाळी भिंगरीला सोडायला गेले तेव्हा दारात कालच्या सातऐवजी पाचच जोड चपला होत्या, इवल्या इवल्या. घरी आले, पण कामात लक्ष लागेना. दीड वाजता परत गेले आणि मागच्या खिडकीपाशी उभी राहिले. चोरासारखी, खरं तर. मागच्या खोलीत या वेळी अंधार असतो. पण त्या दिवशी निळे पडदे सताड उघडे होते. भगभगीत ऊन आत. गाद्या गुंडाळून भिंतीला लावलेल्या. आणि मावशी पाच मुलांना गोल बसवून टाळ्या वाजवत होत्या.

“उघडा, उघडा डोळे! कोण झोपतंय? मांजर कसं करतं?”

कुणी मांजर करत नव्हतं. एक मूल बसल्या बसल्या कलंडलं, मावशींनी त्याला उचलून उभं केलं, ओल्या फडक्याने त्याचे डोळे पुसले. ते रडायला लागलं. माझी भिंगरी, जी एका जागी दोन मिनिटं स्थिर बसत नाही, भिंतीला टेकून उघड्या डोळ्यांनी नुसती बसली होती. तिच्या मांडीवर माझी ओढणी होती. मावशींनी तीही हळूच काढून घेतली आणि घडी करून वर ठेवली.

मला समजलं. मुलं झोपली की लोक म्हणणार, औषध दिलं. म्हणून त्या मुलांना झोपूच देत नव्हत्या.

त्या खिडकीपाशी माझी गप्प बसायची हिंमत संपली.

तिथून मी सरळ ऑफिसला गेले. आक्का त्यांच्या कोपऱ्यातल्या टेबलावर होत्या, कानामागे लाल पेन्सिल. एकेकाळच्या शाळामास्तरीण, त्यामुळे त्यांच्यासमोर उभं राहिलं की आपोआप हात मागे जातात. मी सगळं सांगितलं. रकान्यांतला खोटेपणासुद्धा.

त्या उठल्या, मागच्या कपाटातून ‘ग’चं तपासलेलं प्रूफ काढलं, पान शोधलं आणि माझ्यासमोर ठेवलं. माझ्या वाक्यावर लाल आडवी रेघ होती. समासात आक्कांचं अक्षर: ‘हे नको. कोण ही आई? तिने पाहिलं की तिला वाटलं?’ आणि खाली दुसरं वाक्य, त्यांनी ऐकलेलं: ‘भूल उतरली तरी आजोबा दोन तास गुंगीत होते.’

“मी हे खोडलं होतं,” आक्का म्हणाल्या. “तुला विचारलंही असतं, पण राहून गेलं. तेवढी चूक माझी.”

“पण माझ्याकडच्या प्रतीवर रेघ नव्हती.”

“असं आहे खरं. खोडलेली प्रत कपाटात राहते आणि न खोडलेली गावभर फिरते.” त्यांनी ते पान फाईलमधून सोडवून माझ्या हातात दिलं. “घेऊन जा, दाखव सगळ्यांना. पण एक सांगते. कागद दाखवून भागायचं नाही. तोंड दाखवावं लागेल.”

“आणि माझं काम?”

“ते ‘नालस्ती’चं कार्ड अजून आलं नाही तुझं,” त्या म्हणाल्या आणि पेन्सिलीला टोक करायला लागल्या. यावरून मी काय समजायचं, ते मला त्या दिवशी कळलं नाही.

गुरुवारी सकाळी मी सगळ्यांच्या आधी मावशींकडे पोचले. त्या फरशी पुसत होत्या. मी वाट न पाहता बोलून टाकलं, कारण वाट पाहिली असती तर परत फिरले असते. प्रूफ दाखवलं. कोश म्हणजे काय, उदाहरण म्हणजे काय, पाठकोरे कागद कुठून आले, सगळं एका दमात.

मावशी उकिडव्या बसल्या होत्या, तशाच राहिल्या. फडकं हातात.

“तुम्ही लिहिलंत?”

“हो.”

“तुम्ही म्हणजे… भिंगरीच्या आईने?”

“हो.”

“कुणी सांगितलं होतं तुम्हाला तसं?”

“कुणी नाही. ती इतकी शांत झोपली होती ना. मला भीती वाटली.”

“मग मला विचारायचं.” आवाज चढला नाही, उलट खाली गेला. “बाई, मला विचारायचं होतं. मी खिडकी उघडली असती, म्हटलं असतं, बसा आणि बघा. लिहायचं कशाला? तेही छापायचं?” त्यांनी फडकं बादलीत टाकलं. “बावीस वर्षं झाली मला हे काम करताना. माझ्या हाताखालची मुलं आता स्वतःची मुलं घेऊन येतात. काल एका मुलाच्या वडिलांनी इथे, या दारात, मला विचारलं, बाटली कुठे ठेवता म्हणून. मी त्याला अख्खं घर उघडून दाखवलं. कपाटं, देवघर, पलंगाखाली. तर म्हणाला, लपवली असेल.”

मी माफी मागितली. त्यांनी ती घेतली नाही आणि परतही केली नाही. मग विचारलं, “भिंगरीला आणलंत का?”

“बाहेर उभी आहे. ठेवाल?”

“तिने काय केलंय?” त्या उठल्या. “पण चार वाजता या. सगळे असताना या. मला एकटीला सांगून काय उपयोग? मला तर माहीतच होतं मी देत नाही ते.”

दुपारभर मी फोन करत होते. बंद झालेल्या मुलांच्या घरी प्रत्येकाला म्हटलं, चारला दारात या, त्या कागदाचं कळलंय. कागदाचं कळलंय म्हटल्यावर कोण येणार नाही? सगळे आले. जुळ्यांची आई तर जुळ्यांच्या आजीलाही घेऊन आली.

मी पायरीवर उभी राहिले. प्रूफ सगळ्यांना दिसेल असं वर धरलं. सांगितलं. हा कागद बातमी नाही, अहवाल नाही. शब्दकोशाचं रद्द झालेलं पान आहे. वाक्य मी मनातून काढलं, भीतीपोटी. मावशींनी कधी असं काही केल्याचं मी पाहिलं नाही आणि ऐकलंही नाही.

सगळ्यांत आधी कुणीतरी हसलं. हायसं वाटल्याचं हसू. “म्हणजे आम्ही शब्दकोशाला घाबरलो?” मग एक आई पुढे आली, प्रूफ हातात घेतलं, लाल रेघ निरखली, आणि मावशींकडे जाऊन उभी राहिली. पण सगळं असं सोपं झालं नाही.

“उगाच कुणी असं लिहितं का?” मागून एक जण म्हणाला. हाच बहुधा बाटली शोधणारा. “विस्तवाशिवाय धूर निघत नाही. तुमच्या मनात आलं म्हणजे काहीतरी दिसलं असेल.”

“काही दिसलं नव्हतं.”

“मग आता का सारवासारव? मूल कुठे ठेवायचं हा प्रश्न पडला म्हणून?”

तो पूर्ण चूक नव्हता, तेच अवघड होतं. मी म्हणाले, “तोही प्रश्न आहे. पण मी मावशींची नालस्ती केलीये, हे त्याहून मोठं आहे.”

“नालस्ती म्हणजे?” जुळ्यांच्या आईने विचारलं. तिने खरंच विचारलं होतं, टोमणा नव्हता.

आणि मला सांगता येईना. ज्या शब्दाचा अर्थ मी पाच मिनिटांत लिहिला होता, जो महिनाभर रोज टेबलावर वाचत होते, तो तोंडातून बाहेर पडेना. एखाद्याबद्दल वाईट बोलून… पुढे काय?

“मी सांगते,” मागून मावशी म्हणाल्या. “तुम्ही चार वाजता येता आणि मूल हातात घेतल्यावर आधी त्याच्या तोंडाचा वास घेता ना, ती नालस्ती.”

बऱ्याच जणी खाली पाहायला लागल्या. त्यांत मीही होते. जुळ्यांची आजी तेवढी हळूच म्हणाली, “खरंय हो बाई,” आणि सुनेकडे न बघता घराच्या दिशेने चालायला लागली.

शुक्रवारी सात मुलं आली. मी मावशींना विचारलं, आज झोपवणार ना? त्या म्हणाल्या, “झोपवीन. पण तुम्ही इथे बसायचं. एक ते तीन. कुणी विचारलं तर सांगायला.”

“कधीपर्यंत?”

“लोक विचारायचे थांबेपर्यंत.”

म्हणून मी माझी कार्डं घेऊन मागच्या खोलीत बसायला लागले. एकला मावशी निळे पडदे ओढतात. गाद्या अंथरतात. मग फळीवरून एकेक कापड काढतात, वास घेऊन पाहतात आणि बरोबर त्याच मुलाच्या उशाला ठेवतात. कधी चुकत नाहीत. मी एकदा मुद्दाम दोन कापडांची अदलाबदल केली होती, तर त्यांनी न बघता ती परत जागच्या जागी ठेवली, वर एक नजर टाकली माझ्याकडे. मग त्या मधोमध बसतात आणि काही गात नाहीत, काही सांगत नाहीत. नुसत्या हळूहळू श्वास घेतात, जरा ऐकू येईल इतका. दहाएक मिनिटांत सात श्वास त्यांच्या लयीत येतात. हे मी पाहिलं. पाहिलेलंच लिहितेय.

त्या खोलीतच मी कार्ड पूर्ण केलं. उदाहरणाच्या जागी मावशींचं वाक्य, जसंच्या तसं. कोण म्हणालं: पाळणाघरातल्या मावशी. कुठे ऐकलं: त्यांच्या दारात, मी त्यांची नालस्ती केल्यानंतर. मावशींना वाचून दाखवलं, आधी विचारलं, छापू का म्हणून. त्या म्हणाल्या, “या वेळी विचारलंत.” आणि होकार दिला. आक्कांनी कार्ड ठेवून घेतलं, शेवटचे चार शब्द खोडून. म्हणाल्या, “रकान्यात जागा पत्त्याची असते. हे तुझ्यापाशी ठेव.” आणि ‘प’ची कार्डं पुढे सरकवली.

दुसऱ्या आठवड्यात आठ मुलं झाली. बाटली शोधणाऱ्या वडिलांचा मुलगा आला नाही, येणारही नाही असं दिसतं. त्याच्या आईचा जुना सदरा अजून फळीवर आहे. मावशी तो काढत नाहीत.

त्याच आठवड्यातल्या बुधवारी मी ‘पडदा’चं कार्ड हातात घेऊन बसले होते. ऊन पडद्यातून निळं होऊन येत होतं. मावशींचा श्वास ऐकू येत होता. गेल्या तीन वर्षांत मी दुपारी कधी डोळा मिटला नव्हता. कधी मिटला ते कळलं नाही.

जाग आली ती खिडकीतल्या कुजबुजीने. मी डोळे उघडले नाहीत.

“अगंबाई!” जुळ्यांच्या आईचा आवाज. “ही साक्षीदार ना? हिलाच काय पाजलंत?”

मावशी हसल्या. मी त्यांना पहिल्यांदाच हसताना ऐकत होते, नाकातून, मुलं उठू नयेत म्हणून दाबलेलं.

“काही नाही. भिंगरी कूस बदलून झोपली, तेव्हा तिची ओढणी काढून हिच्या उशाला दिली.”

बाहेर जुळी भांडायला लागली होती, कोण आधी आत जाणार म्हणून. त्यांच्या आईने त्यांना गप्प केलं.

“दोन गाद्या आहेत का हो मावशी?”

“आहेत,” मावशी म्हणाल्या. “कापडं आणलीत का? न धुतलेली?”